खिशातील चाकू निराशा का करतो?

बागाईत करणाऱ्या शेतकऱ्याला विळा, कोयता आणि खुरपे यांखेरीज आणखी एका हत्याराची नित्य गरज भासते. ते म्हणजे खिशात मावणारा मिटता चाकू. कलमाची काडी तासणे, डोळा काढणे, खुंटावर आलेली फूट उडवणे, सुतळी कापणे, खताच्या गोणीचे तोंड उघडणे, इतकेच नव्हे तर दुपारच्या भाकरीबरोबर कांदा चिरणे, ही सारी कामे त्याच्याकडून करून घेतली जातात. हत्यार लहान असल्यामुळे त्याच्या निवडीकडे मात्र कोणी गांभीर्याने पाहत नाही. बैल घेताना चार बाजार पालथे घालणारा आणि नांगराच्या फाळाची पारख जाणणारा शेतकरीदेखील चाकू घेतो तो जत्रेतील दुकानात, मुठीवरचा रंग आणि पात्याची चकाकी पाहून. मोठ्या हौसेने घेतलेला हा चाकू पहिल्याच हंगामात बोथटतो, डागळतो, सांध्यात ढिला पडतो. आणि मग हल्ली चांगला माल मिळतच नाही अशी तक्रार कानी येते.

या तक्रारीत काहीच तथ्य नाही असे नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत निराश झालेल्या मालकांचे बरेच चाकू प्रस्तुत लेखकाने हाती घेऊन पाहिले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पोलाद अगदीच टाकाऊ आहे असे चाकू त्यांत होते, पण अपेक्षेपेक्षा कमी होते. अधिक वेळा असे दिसले की, ज्या कामासाठी चाकू घेतला त्या कामाची धार त्याला कधी दिलीच गेली नव्हती. कारखान्यातून येणारी धार सर्वांच्या सर्व कामांसाठी असते. कलमाला लागणारी धार मालकाला स्वतः करून घ्यावी लागते. ही एक बाब लक्षात न आल्याने कोणाचा हंगाम कसा हातचा जाऊ शकतो, याचे एक उदाहरण प्रथम सांगतो.

एका कोयकलमाच्या हंगामातील अनुभव

काही वर्षांपूर्वी श्रावण महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात एका तरुण बागायतदाराने नवी रोपवाटिका घातली होती. मुंबईची नोकरी सोडून तो गावी परत आला होता, आणि घरच्या मंडळींनी उन्हाळाभर आंब्याच्या कोया गोळा करून दिल्या होत्या. परदेशात नोकरीस असलेल्या त्याच्या वडील भावाने कौतुकाने एक भारी चाकू पाठविला होता. त्यात दोन पाती, कात्री, पेचकस, डबा फोडण्याचे पाते, असे काय नव्हते! त्या चाकूने त्याने पहिल्या फळीची कलमे बांधली. दोन आठवड्यांनी पाहतो तो निम्म्याहून अधिक काड्या काळ्या पडलेल्या. शेजारच्या वाडीत कलमे बांधणारे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या हत्याराला चाकू म्हणावे की नाही हाच प्रश्न होता. यंत्रावर चालणाऱ्या लोखंड कापण्याच्या करवतीचे मोडके पाते त्यांनी एका अंगाने घासून घेतले होते, मुठीच्या जागी चिंधी गुंडाळली होती आणि ते बांबूच्या नळीत ठेवले होते. त्यांची कलमे मात्र टवटवीत उभी होती.

तो तरुण म्हणाला, "साहेब, एवढा भारी चाकू असून माझी कलमं मेली, आणि काकांची त्या मोडक्या पात्यानं बांधलेली जगली. माझ्या हातातच काही नाही असं दिसतं. दुसऱ्या फळीची रोपं तशीच विकून टाकतो."

कोयकलमाचे काम मुदतीचे असते हे येथे सांगितले पाहिजे. कोय उगवल्यावर रोपाची पाने तांबूस आणि दांडा कोवळा असतो तोवर, म्हणजे साधारणपणे दोन-अडीच आठवड्यांच्या आत, कलम बांधावे लागते. दांडा हिरवा आणि निबर झाला की संधी गेली. त्याच्या दुसऱ्या फळीच्या रोपांना आणखी पाच-सहा दिवसांचाच अवकाश होता. तेवढ्यात खोट सापडली नसती तर वर्ष वाया जाणार होते, आणि कदाचित रोपवाटिकाही बंद पडली असती.

आम्ही तिघे ओटीवर बसलो. त्याने आपल्या चाकूने एका काडीला पाचर तासली, काकांनी आपल्या पात्याने दुसरीला. दोन्ही पाचरींवर लोखंडी पट्टीची कड टेकवून त्या उजेडासमोर धरल्या. काकांच्या कापावर पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसली. तरुणाच्या कापावर ती मध्येच टेकली आणि दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ दिसली. काप लाटेसारखा झाला होता. भिंगातून पाहता सालीची कड चिरडलेली आणि किंचित सोललेली आढळली. त्याने तीन-चार वेळा हात फिरवून पाचर केली होती, काकांनी प्रत्येक बाजूस एकच ओढ दिली होती.

कलम जुळते ते साल आणि लाकूड यांच्यामध्ये असलेल्या अंतर्सालीमुळे. हा जिवंत थर कागदासारखा पातळ असतो. खुंटाची अंतर्साल आणि काडीची अंतर्साल यांची प्रत्यक्ष गाठ पडली तरच नव्या पेशी दोन्हीकडून वाढून सांधा भरतो. काप लाटेसारखा असला तर मध्ये पोकळी राहते, काडी सुकते, किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत तेथे बुरशी शिरते. प्लास्टिकची पट्टी कितीही आवळून बांधली तरी ही पोकळी भरून निघत नाही. सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर लांबीची पाचर एका ओढीत सपाट निघणे, हे कलमाच्या चाकूचे खरे काम होय, आणि नेमके तेच काम त्या भारी चाकूला करता येत नव्हते.

धारेचा आकार

याचे कारण पोलादात नव्हते. पोलाद उत्तम होते. कारण धारेच्या आकारात होते. खिशातील सामान्य चाकूच्या पात्याला दोन्ही अंगांनी उतार असतो. सुतळी, फळे, पुठ्ठा अशा कामांना ही धार बरी पडते, आणि तिची कड जाड असल्यामुळे ती लवकर मोडत नाही. परंतु अशा पात्याने काडी तासू गेल्यास पाते कापलेल्या पृष्ठावर सपाट टेकत नाही. उताराच्या टोकावर ते डगमगते, कधी खोल शिरते, कधी वर येते. कलमाच्या चाकूला म्हणून एकाच अंगाने उतार ठेवतात आणि दुसरे अंग आरशासारखे सपाट ठेवतात. हे सपाट अंग काडीवर टेकून सरकते, आणि सुताराचा रंधा चालावा तसा काप निघतो. काकांना यांतले शास्त्र कोणी शिकविले नव्हते, परंतु त्यांचे पाते नेमके असेच होते.

येथे एक लहानशी गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यामुळे एका कार्यकर्त्याची उगाच फजिती झाली होती. एका अंगाने उतार असलेला चाकू हा उजव्या हाताचा किंवा डाव्या हाताचा असतो. बाजारात मिळणारे बहुतेक सर्व उजव्या हाताचे असतात. डावखुऱ्या माणसाने तो वापरला म्हणजे उताराची बाजू काडीकडे येते आणि पाते सारखे बाहेर पळते. अशा माणसाने चाकूला नावे ठेवण्यापूर्वी उलट बाजूचा उतार करून घ्यावा. शिबिरात प्रशिक्षण देताना कोण डावखुरा आहे हे प्रथम विचारून घेणे हिताचे.

विदर्भातील संत्रा-मोसंबीच्या डोळे भरण्याच्या कामात आणखी एक अडचण येते. तेथे रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर चीर घेऊन साल हलकेच उचलावी लागते. डोळे भरण्याच्या खास चाकूला यासाठी मुठीच्या टोकाशी शिंगाची, पितळेची किंवा प्लास्टिकची बोथट जीभ असते. खिशातील सामान्य चाकूला ती नसते, म्हणून पात्याच्या टोकानेच साल उचलली जाते आणि आतील ओली अंतर्साल खरवडली जाते. डोळा लागला नाही की दोष डोळकाडीला दिला जातो. बांबूची चपटी, गुळगुळीत काडी करून घेतली तरी ही उणीव भागते.

पोलाद आणि त्याला दिलेले पाणी

आता पोलादाकडे वळू. लोखंडात कर्ब किती आहे यावर ते कडक होऊ शकेल की नाही हे ठरते. बांधकामाच्या साध्या पट्टीत कर्ब पाव टक्क्याहून कमी असतो; ती तापवून पाण्यात बुडविली तरी चाकूला लागणारा कडकपणा तिला येत नाही. साध्या पोलादाच्या चांगल्या चाकूत कर्ब सामान्यतः ०.६ ते १ टक्का असतो. असे पाते लालबुंद तापवून, म्हणजे लोहचुंबक त्याला चिकटेनासे होईपर्यंत तापवून, एकदम थंड केले की ते काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. मग पुन्हा सौम्य उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. दुसऱ्या वेळी पात्यावर फिकट गवताचा रंग दिसला की उष्णता सुमारे २३० अंश सेल्सिअस झाली असे समजतात. जांभळा आणि पुढे निळा रंग आला की ती ३०० अंशांच्या आसपास गेली. स्प्रिंगेला निळा रंग चालतो, चाकूच्या धारेला चालत नाही. आपले लोहार या सर्व क्रियेला पाणी देणे म्हणतात, आणि अनुभवी लोहार हे रंग भट्टीच्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी ओळखतो.

न गंजणारे पोलाद ही वेगळी जात आहे. इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्यासाठी प्रयोग करीत असताना १९१३ मध्ये त्यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. ते गंजत नाही असे पाहून त्याचे चाकू करावे अशी कल्पना त्यांना सुचली. शेफील्ड हे शतकानुशतके चाकू-सुऱ्यांचे गाव. तेथील कारागिरांनी सुरुवातीला या पोलादाची पाती करून पाहिली तेव्हा त्यांना धार राहीना, आणि न कापणाऱ्या चाकूंचा संशोधक अशी ब्रिअर्ली यांची थट्टा झाली. खोट पोलादाची नव्हती. साध्या पोलादाला जी उष्णता आणि जी रीत लागते तीच कारागिरांनी यालाही लावली होती. नव्या पोलादाला अधिक उष्णतेवर कडक करावे लागते, हे उमजल्यावर तेच पोलाद जगभर पसरले.

शंभराहून अधिक वर्षे झाली तरी हा घोटाळा आपल्या बाजारात अजून भेटतो. 'स्टेनलेस' हा एकच शब्द अनेक जातींच्या पोलादांना लावला जातो. ताट-वाट्यांसाठी वापरतात त्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते मुळी पाणी देऊन कडक होतच नाही. त्याच्या पत्र्यातून कापलेला चाकू दिसतो सुंदर, धारही लागते, पण चार काड्यांत जाते. याची परीक्षा सोपी आहे. लहानसे लोहचुंबक जवळ ठेवावे. पात्याला ते चिकटतच नसेल किंवा नाममात्र चिकटत असेल, तर तो चाकू कलमासाठी घेऊ नये. उलट, चुंबक चिकटले म्हणजे चाकू चांगलाच असेही समजू नये, कारण साधी लोखंडी पट्टीदेखील चुंबकाला चिकटते. पुढची परीक्षा बारीक कानशीची. मुठीजवळ, जेथे धार उपयोगात येत नाही तेथे, कानशीची कड हलकेच ओढावी. कानस साध्या लोखंडावर चालावी तशी रुतली तर पाते मऊ आहे; ती निसटून सरकली तर पाते कडक आहे. दुकानदार ही परीक्षा करू देत नाही, आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही दिली नसती. म्हणून गटासाठी दहा-वीस चाकू घ्यावयाचे असल्यास आधी एकच घ्यावा, घरी तपासावा आणि मग बाकीचे मागवावे.

साध्या पोलादाविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. आंबा, काजू किंवा चिंचेची ओली साल कापली की असे पाते निळे-काळे पडते. पुष्कळ जण याला गंज समजून चाकू परत करावयास जातात. हा सालीतील तुरट द्रव्याचा डाग आहे. त्याने धारेचे नुकसान होत नाही. तांबूस, खरबरीत, बोटाला लागणारा तो गंज. तो मात्र धार खातो.

गावच्या लोहाराचे पाते

खिशातील चाकू बाजारातूनच आणला पाहिजे असे नाही. मालमोटारीच्या कमानपट्ट्याचे पोलाद कर्बाने पुरेसे असते, आणि गावचा लोहार त्यातून उत्कृष्ट कोयते व विळे करतो. त्याच पोलादाचे छोटे पाते त्याच्याकडून करून घेता येते. ते मिटणार नाही, पण चामड्याच्या म्यानात घालून कमरेला लावता येते. मिटत्या चाकूचा सांधा हाच त्याचा सर्वांत दुबळा भाग असल्याने, न मिटणारे पाते खरे म्हणजे अधिक टिकाऊ.

लोहाराच्या पात्यांत आढळणारे दोष सांगतो ते त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. तो रोज जी हत्यारे करतो ती जाड असतात. पातळ पाते त्याच सवयीने तापवून थंड पाण्यात बुडविले तर त्याला बारीक तडा जातो किंवा ते वाकडे होते. कमानपट्ट्याचे पाते तेलात बुडविणे बरे. दुसरे असे की, जाड कोयत्यात आतली उष्णता राहिल्यामुळे बुडवून काढल्यावर ती धारेकडे परत येते आणि ठिसूळपणा आपोआप जातो. पातळ पात्यात ही उष्णता उरत नाही. त्याला पुन्हा वेगळे तापवावे लागते. ही गोष्ट लोहाराला नीट समजावून सांगितली तर तो आनंदाने करतो. तिसरे, जुन्या पट्ट्यात वर्षानुवर्षे भार सोसून पडलेल्या तडा असतात. वापरण्यापूर्वी तो घासून स्वच्छ करावा, रॉकेल लावून पुसावा आणि वरून खडू फिरवावा. तडा असल्यास आत मुरलेले रॉकेल खडूवर ओल्या रेघेसारखे उमटते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लोहाराकडे जाताना नुसते तोंडी सांगू नये. हवा तसा पुठ्ठ्याचा आकार कापून न्यावा, सपाट अंग कोणते ते खुणेने दाखवावे, आणि पहिले पाते घेऊन त्याच्यासमोरच काडी तासून दाखवावी. काम पाहिले की कारागिराला सांगावे लागत नाही.

धार लावणे

नवा चाकू कितीही किमतीचा असो, धार लावल्यावाचून तो कलमाला वापरू नये. यासाठी कार्बोरंडमचा दुहेरी दगड पुरतो. त्याची एक बाजू भरड आणि दुसरी बारीक असते. दगड पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. पाते २० मिलिमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून ७ मिलिमीटर उचलली, तर उतार सुमारे २० अंशांचा होतो. एका अंगाच्या उतारासाठी हे माप ठीक आहे. दोन्ही अंगांनी उतार असलेल्या साध्या चाकूसाठी पाठ ५ मिलिमीटर उचलावी, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे १५ अंश पडतात. आरंभी पट्टीने मोजून पाहावे. आठवड्याभरात मनगटाला ते माप समजते.

उताराच्या बाजूने घासत गेल्यावर पलीकडच्या अंगाला, धारेच्या संपूर्ण लांबीवर, बोटाला जाणवेल अशी तारेसारखी बारीक मुरड वळते. ती टोकापासून मुठीपर्यंत सर्वत्र आली की भरड काम संपले. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने घासावे, पाते उलटून सपाट अंग दगडावर पूर्ण टेकवून दोन-चार वेळा ओढावे आणि मुरड काढून टाकावी. सपाट अंग एका केसानेही उचलू नये. ते गोल झाले की साऱ्या खटपटीवर पाणी पडते. शेवटी न्हाव्याच्या चामोट्यासारख्या चामड्यावर, धार मागे ठेवून, पाते ओढावे. जुना कमरपट्टा लाकडी फळीवर खिळ्यांनी ठोकला तरी चालतो.

धार लागली की नाही हे अंगठ्याने पाहण्याची सवय धोक्याची आहे. धार उजेडाकडे करून पाहावी. बोथट धारेवर पांढरी रेघ चकाकते. चांगल्या धारेवर उजेड थांबतच नाही.

सायकलीवर फिरती सहाण घेऊन येणारे कारागीर विळे-कोयते उत्तम लावून देतात. परंतु कोरड्या चाकावर पातळ पाते धरले की ठिणग्यांबरोबर त्याचे पाणीही उतरते. धारेवर निळी झाक दिसली तर तेवढा भाग मऊ पडला असे समजावे. तो घासून काढल्याखेरीज धार टिकणार नाही.

आपल्याच हातून होणारी चूक

ही निळी झाक मी प्रथम पाहिली ती स्वतःच्या चाकूवर. महाविद्यालयात असताना पहिला कलमाचा चाकू घेतला, आणि प्रयोगशाळेत सुई ज्योतीवर धरून निर्जंतुक करतात हे पाहिलेले असल्यामुळे प्रत्येक झाडानंतर चाकूही स्पिरिटच्या दिव्यावर धरू लागलो. शिस्त मोठी होती! आठवड्याभरात धार टिकेनाशी झाली. दुकानदाराने फसविले असे मी सर्वांना सांगत असे. पुढे बऱ्याच दिवसांनी एका लोहाराने ते पाते पाहून, "हे कुणी भाजलं?" एवढेच विचारले.

रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून हत्यार निर्जंतुक करणे आवश्यकच आहे. फक्त ते ज्योतीवर करू नये. कलमाच्या चाकूसाठी स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाने पाते पुसणे पुरेसे आहे, आणि आंब्याचा चीकही त्यानेच निघतो. डाळिंबावरील तेल्या रोगासाठी छाटणीची हत्यारे सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घेतात. हे द्रावण रोगजंतूंप्रमाणे पोलादालाही खाते, न गंजणाऱ्या पोलादालाही सोडत नाही. दिवसाचे काम संपल्यावर हत्यार स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावले नाही, तर सकाळी त्यावर ठिपके पडलेले दिसतात आणि दोष पुन्हा चाकूवर येतो.

तेल कोणते लावावे यालाही महत्त्व आहे. शिवणयंत्राचे तेल सर्वांत बरे. ते नसल्यास खोबरेल चालते. जवसाचे किंवा करडईचे तेल सांध्यात घालू नये. ते वाळून चिकट होते, त्यात माती बसते आणि चाकू उघडेनासा होतो. मग नखाने, दाताने, पेचकसाने तो उघडण्याचे प्रकार सुरू होतात, आणि एखाद्या वेळी पाते एकदम सुटून बोट कापले जाते.

बोटांच्या संदर्भात आणखी थोडे. पुष्कळ मिटत्या चाकूंचे पाते उघडल्यावर पक्के अडकत नाही. ते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगेच्या दाबाने उभे राहते. अशा पात्याचे टोक कशात खुपसून जोर केला तर ते बोटांवर मिटते. विकत घेताना पाते उघडून आडवे हलवून पाहावे. नव्यातच डुगडुगत असेल तर पुढे काय होणार हे उघड आहे. मातीने भरलेल्या ओल्या हातांनी तो उघडता येतो का हेही पाहावे, कारण दुकानात आपले हात कोरडे असतात. जखम झालीच तर ती स्वच्छ धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी आणि धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे. शेणामातीत काम करणाऱ्याने हे टाळू नये.

चाकूने तार कापणे, गवत खणणे, डब्याची झाकणे उचकटणे यांविषयी लिहिण्याची आवश्यकता वाटत नाही. प्रत्येकाने हे केलेले आहे, आणि पाते दंतुर होते हेही प्रत्येकाला माहीत आहे.

त्या रोपवाटिकेचे पुढे काय झाले

त्याच संध्याकाळी आम्ही त्या भारी चाकूचे लहान पाते निवडले. मोठ्या पात्याला हात लावला नाही. काकांच्या दगडावर त्याचे एक अंग सपाट करावयास घेतले. पोलाद कडक असल्याने काम सावकाश चालले. रात्रीचे जेवण झाल्यावर पुन्हा बसावे लागले. तरुण घासत होता आणि काका मधूनमधून पाते उजेडाला धरून, "अजून मधे उचलतंय, दाबू नको, नुसतं फिरव" असे सांगत होते. दुसऱ्या दिवशी दिवसभर त्याने एकही कलम बांधले नाही. आंब्याच्या टाकाऊ काड्या तासल्या, प्रत्येक पाचर पट्टीवर धरून पाहिली, आणि काकांनी मान हलविल्यावरच तिसऱ्या दिवशी दुसऱ्या फळीला आरंभ केला.

सगळी कलमे जगली असे झाले नाही. तशी ती काकांचीही जगत नाहीत. पण भाद्रपदात मी गेलो तेव्हा बहुतेक पिशव्यांत तांबूस पालवी वर आली होती, आणि मेलेल्या काड्या शोधून पाहाव्या लागत होत्या. तो चाकू आता खिशात नसतो. लहान पाते तेल लावून, कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत असते आणि आषाढात बाहेर निघते. पिशव्यांची तोंडे आणि सुतळी कापण्यासाठी जत्रेतला एक स्वस्तातला चाकू मांडवाच्या खांबाला दोरीने बांधून ठेवला आहे. त्याला धार कोणी विशेष लावत नाही आणि त्याच्याविषयी कोणाची तक्रारही नाही.